सहा वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओलं करतो, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ६ वर्षांचा आहे, पहिलीत जातो, दिवसा शू-शी सगळं व्यवस्थित सांगतो पण रात्री अजून एकही आठवडा सलग कोरडा गेलेला नाही. मोठी मुलगी तिसऱ्या वर्षीच सुटली होती म्हणून घरात सारखी तुलना चालते, सासूबाई म्हणतात आळशी आहे मुद्दाम करतो, तुम्ही संध्याकाळी ५ नंतर त्याचं पाणी बंद केलंय, रात्री १२ ला आणि ३ ला उचलून बाथरूमला नेताय तरी सकाळी गादी ओलीच, आणि मे महिन्यात आजोळी सगळी भावंडं जमणार त्याच्या आत हे थांबायला हवं असं तुम्हाला वाटतंय.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, बऱ्याच वर्षांपासून प्रॅक्टिस करतेय, आणि हा प्रश्न आईवडील बहुतेक वेळा सर्दी-खोकल्याचं औषध लिहून झाल्यावर, उठता उठता आवाज खाली करून विचारतात. म्हणजे एवढा संकोच आहे याचा. खरं तर ५ वर्षांच्या १०० मुलांत साधारण १५ मुलं रात्री गादी ओली करतात, १० व्या वर्षीसुद्धा १०० त ५ च्या आसपास उरतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात अजून दोन-चार जण नक्की असतील, फक्त कोणाच्या घरचे बोलत नाहीत. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण जास्त, त्यामुळे मोठी मुलगी लवकर सुटली आणि हा नाही यात काही विशेष नाही. कोणाचे दुधाचे दात पाचव्या वर्षी पडतात कोणाचे सातव्या, तसंच आहे हे. आम्ही डॉक्टर लोक ५ वर्षांच्या आत तर याला आजार म्हणतच नाही.

मुद्दाम करतो हा आरोप आधी घरातून काढून टाका, कारण तो झोपेत असतो आणि झोपेतल्या गोष्टीवर कोणाचाच ताबा नसतो. शरीरात काय होतं ते सांगते म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल. रात्री आपला मेंदू व्हासोप्रेसिन नावाचं एक हार्मोन जास्त सोडतो, त्यामुळे किडनी रात्री लघवी कमी आणि दाट बनवते, काही मुलांत ही रात्रीची वाढ उशिरा सुरू होते म्हणून रात्रीही दिवसाएवढीच लघवी तयार होत राहते. काही मुलांची लघवीची पिशवी वयाच्या मानाने कमी धरते किंवा अर्धी भरली तरी आकुंचन पावते. आणि तिसरं, जे जवळजवळ सगळ्यांतच असतं, पिशवी भरली हा निरोप झोपलेल्या मेंदूला जागं करू शकत नाही. मोठ्यांना दोन वाजता जाग येते, या मुलांना येत नाही, ढोल वाजवला तरी येत नाही असं आयाच सांगतात. यात आळस कुठे आला?

आता अजून एक काम करा, सासूबाईंनाच विचारा की ह्याचे बाबा किती वर्षांचे होईपर्यंत गादी ओली करायचे. माझ्याकडे हा प्रश्न विचारला की बऱ्याचदा बाबा खाली बघतात आणि मग हळूच सांगतात की मी पण चौथी-पाचवीपर्यंत. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४० ते ४५ टक्के असते, दोघांनाही असेल तर ७५ च्या आसपास जाते. बाबांना त्रास होता असं कळलं तर बाबांनीच मुलाला जवळ घेऊन सांगावं की मला पण व्हायचं आणि मग थांबलं. याने मुलाच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो माझ्या कुठल्याही गोळीने पडत नाही.

बरं, आता तुम्ही जे करताय त्याबद्दल. ५ नंतर पाणी बंद करणं आजपासून थांबवा. बहुतेक घरांत हाच उपाय पहिला होतो आणि त्यात नुकसान असं आहे की मूल दिवसभर कमी पाणी पितं, शाळेत बाटली भरलेली नेतं आणि भरलेलीच परत आणतं, शाळेचं टॉयलेट घाण असतं म्हणून शू दाबून ठेवतं, मग घरी आल्यावर खूप तहान लागते आणि सगळं पाणी संध्याकाळी पोटात जातं. तुम्ही संध्याकाळचंही बंद केलं तर लघवी दाट होते, दाट लघवीने पिशवी चुरचुरते आणि अजून कमी धरायला लागते, शिवाय शी घट्ट होते, जे सगळ्यात वाईट, त्यावर पुढे येते. पाण्याचं गणित उलटं करा. दिवसभराच्या पाण्याचे ५ भाग धरले तर २ सकाळी शाळेतून येईपर्यंत, २ दुपारी ते संध्याकाळी ५ पर्यंत, आणि उरलेला १ भाग त्यानंतर. ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण एक ते सव्वा लिटर द्रव पोटात जायला हवेत, उन्हाळ्यात आणि खेळून आल्यावर जास्त. तहान लागली तर रात्रीही घोटभर पाणी द्यायचं, पाण्यासाठी रडवायचं नाही.

रात्रीच्या जेवणाकडे मात्र बघा. आपल्याकडे आईबाबा ऑफिसातून येईपर्यंत साडेआठ-नऊ होतात, मग जेवण साडेनऊला, त्यात आमटी-भात, वर ताक किंवा सूप, आणि झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं कपभर दूध, आणि दहाला झोप. ही सगळी लघवी कुठे जाणार? मुलाचं जेवण साडेसात-आठला वेगळं करा, दूध सकाळी आणि शाळेतून आल्यावर द्या, रात्रीचं बंद. चहा तर या वयात नकोच, पण आजोबांच्या बशीतला घोटभर चालतो असं सगळीकडे असतं म्हणून मुद्दाम लिहितेय, चहा आणि कोला दोन्हीतल्या कॅफिनने लघवी वाढते. रात्री पापड, लोणचं, चिप्स, पाकिटातल्या नूडल्स असलं खारट खाणं पण कमी करा, मीठ बाहेर टाकायला किडनीला लघवी जास्त करावी लागते.

दिवसा दर दोन-अडीच तासांनी शूला पाठवा, लागली असो नसो. उठल्यावर, शाळेत मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, खेळायला जाताना, जेवणाआधी आणि झोपताना. शाळेतल्या बाईंना जाऊन भेटा, त्याने हात वर केला तर लगेच सोडा एवढंच सांगायचं, रात्रीचं काही सांगायची गरज नाही. झोपायच्या आधी दोनदा शू करायची पद्धत लावा, एकदा गोष्ट सुरू करायच्या आधी आणि एकदा दिवा मालवताना, पिशवी नीट रिकामी होते.

आता शी. ताई, हा भाग नीट वाचा कारण नव्वद टक्के घरांत पहिल्यांदा विचारलं की उत्तर येतं शी रोज होते हो डॉक्टर, आणि मग खोलात गेलं की कळतं शी जाड आणि टणक असते, जोर करावा लागतो, एकदा गेला की अर्धा तास बसतो, चड्डीला डाग लागतात. गुदाशय आणि लघवीची पिशवी अगदी चिकटून असतात, मागे शी साठून फुगली की पुढच्या पिशवीला जागा उरत नाही आणि ती सारखी डिवचली जाते. बद्धकोष्ठ बरा केला एवढ्यावरच काही मुलांच्या गाद्या कोरड्या झालेल्या मी पाहिल्यात, दुसरं काहीही न करता. रोज सकाळी किंवा रात्री जेवण झाल्यावर १५-२० मिनिटांनी त्याला संडासात बसवा, पाच-दहा मिनिटं, मोबाईल न देता. कमोड असेल तर पायाखाली स्टूल हवंच, पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही, भारतीय संडास असेल तर प्रश्नच नाही. पालेभाजी, फळं, भाकरी वाढवा, मैदा आणि नुसतं दूध-बिस्किट कमी करा. पण शी साठलेली असेल तर फक्त पपईने भागणार नाही, डॉक्टरांना दाखवून शी मऊ करणारं औषध, लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर, काही महिने नियमित द्यावं लागतं, सवय लागेल या भीतीने आठ दिवसात बंद करू नका, बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

रात्री उचलून नेण्याबद्दल. तुम्ही १२ ला आणि ३ ला उठताय, तुमची झोप मोडतेय, सकाळी डबा आहे, ऑफिस आहे, आणि तो खांद्यावर अर्धवट झोपेतच शू करतो, बरोबर? म्हणजे झोपेत शू करायचाच सराव होतोय. त्याने एखाद्या रात्री गादी वाचते, पण पिशवी भरल्यावर स्वतः उठायचं हे त्याच्या मेंदूला शिकायला मिळत नाही. त्यामुळे ते बंद करा आणि झोपा. तुम्ही स्वतः झोपायला जाताना एकदा न्यायचंच असेल तर त्याला पूर्ण जागं करा, स्वतःच्या पायांनी चालू द्या, नाहीतर नेऊ नका.

आणि संडासापर्यंतचा रस्ता तपासा. खोलीतून बाथरूमपर्यंत बारीक दिवा आहे का, कडी त्याच्या हाताला येते का, चाळीत किंवा गावाकडच्या घरात संडास बाहेर असेल तर रात्री अंधारात ६ वर्षांचं पोर जाणार कसं? अशा वेळी पलंगाजवळ बादली किंवा पॉट ठेवा सरळ.

गादीचं मॅनेजमेंट असं करा: खाली मेणकापड किंवा ड्राय शीट, त्यावर चादर, त्यावर परत ड्राय शीट, परत चादर. रात्री ओलं झालं की वरचा थर ओढून काढायचा, कपडे बदलायचे आणि दोन मिनिटांत परत झोप, दिवे लावून सगळं घर जागं करायचं नाही. गोधडी धुवायला कठीण जाते म्हणून ती या दिवसांत पांघरायला देऊ नका, हलकी चादर द्या. डायपर पँट घालायला हरकत नाही, तिने सवय बिघडते असं काही नाही, पण अलार्मचा उपाय (तो पुढे सांगते) सुरू कराल तेव्हा ती काढावी लागेल. सकाळी शाळेत जाण्याआधी अंघोळ सक्तीची, नुसते हातपाय धुवून पाठवू नका, वास आला की मुलं चिडवतात आणि ते तो तुम्हाला येऊन सांगणार नाही. ओली चादर मशीनमध्ये टाकायला त्याची मदत घ्या, पण मदत म्हणून, शिक्षा म्हणून नाही. ओली गादी सगळ्या सोसायटीला दिसेल अशी गॅलरीत टाकून लाज आणायचा प्रकार काही घरांत चालतो, ते करू नका, हात जोडून सांगते. मारणं, चटका देण्याची भीती घालणं, भावंडांसमोर नाव ठेवणं, याने एकही रात्र कोरडी होत नाही, मूल झोपायलाच घाबरतं.

बक्षीस द्यायचं तर त्याच्या हातात असलेल्या गोष्टीला द्या. बाटली संपवून आणली, झोपताना दोनदा शू केली, न सांगता संडासात बसला, याला कॅलेंडरवर स्टिकर. कोरड्या रात्रीला स्टिकर ठेवलात तर जे त्याला जमतच नाही त्यासाठी तो रोज सकाळी नापास होणार.

तिळगुळाच्या लाडवाबद्दल सगळेच विचारतात. द्या हवं तर, तीळ-गूळ चांगलंच खाणं आहे, पण त्याने गादी कोरडी होत नाही. जंताचं औषध मात्र रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर विचारून घ्या, बारीक पांढऱ्या जंतांचा त्रास असेल तर झोप चाळवते आणि काही मुलं त्यात ओलं करतात.

एवढं सगळं महिना-दीड महिना नीट केलं तर काही मुलं सुटतात, नाही सुटली तर पुढचे दोन उपाय आहेत. त्याआधी एका सुट्टीच्या शनिवार-रविवारी मोजमाप करा, मला हे फार उपयोगी वाटतं. दिवसभर प्रत्येक वेळची शू मापाच्या मगात करायला लावा आणि लिहून ठेवा. वयात १ मिळवून ३० ने गुणलं की त्या वयाच्या पिशवीचं माप मिलिलिटरमध्ये येतं, तुमच्या मुलाचं २१० मिली. सकाळची पहिली सोडून बाकी दिवसभरात त्याची सगळ्यात मोठी शू १००-१२० च्या वर जातच नसेल तर पिशवी कमी धरतेय. मग चार-पाच रात्री डायपर घाला, सकाळी किचनच्या वजनकाट्यावर त्याचं वजन करा, कोऱ्या डायपरचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली, त्यात सकाळची पहिली शू मिळवा. ओल्या रात्री ही बेरीज पावणेतीनशेच्या वर जात असेल तर रात्री लघवी जास्त बनतेय. हा कागद घेऊन डॉक्टरकडे गेलात तर त्यांना अर्धं उत्तर हातात मिळतं.

पहिला उपाय म्हणजे अलार्म. चड्डीला छोटा सेन्सर लावायचा, ओलं झालं की खांद्याजवळचा बझर वाजतो किंवा थरथरतो. आपल्याकडे फार जणांना माहीत नाही पण ही गोष्ट जुनी आहे, १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी वॉर्डातल्या नर्सना मूल ओलं झालं हे कळावं म्हणून घंटी लावली होती आणि लक्षात आलं की मुलांचं ओलं करणंच कमी होतंय, मग १९३८ मध्ये अमेरिकेत माउरर पतीपत्नींनी त्याचा रीतसर उपचार बनवला. साधारण तीनपैकी दोन मुलं याने कोरडी होतात आणि बंद केल्यावरही बरीचशी कोरडी राहतात, हा याचा मोठा फायदा. पण मेहनत आईबाबांची आहे. पहिले दोन-तीन आठवडे बझरने सगळं घर उठतं आणि हा एकटा झोपलेला असतो, तेव्हा तुम्ही जाऊन त्याला पूर्ण जागं करायचं, बझर त्यालाच बंद करू द्यायचा, संडासात जाऊन उरलेली शू करायची, चड्डी बदलून सेन्सर परत लावायचा, दररोज, सुट्टी नाही. आधी डाग लहान होत जातो, मग बझर उशिरा वाजतो, मग आवाजाने तो स्वतः उठतो. चार आठवड्यांत यातलं काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांशी बोला, सुधारणा दिसत असेल तर तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवा, सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की बंद. परत सुरू झालं तर परत लावायचा, दुसऱ्यांदा सहसा लवकर जमतं. मुलाला स्वतःला हवं असेल तरच सुरू करा, आणि घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर थोडं थांबा.

दुसरा उपाय डेस्मोप्रेसिनची गोळी, म्हणजे त्या रात्रीच्या व्हासोप्रेसिन हार्मोनसारखं बनवलेलं औषध. लघवी जास्त बनणाऱ्या मुलांत छान चालते आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कळतं, पण बंद केली की बऱ्याच जणांचं परत सुरू होतं. मनाने किंवा शेजारच्या मुलाची चिठ्ठी बघून कधीच देऊ नका. गोळी घेतल्यावर किडनी पाणी अडवून धरते, त्यामुळे गोळीच्या १ तास आधीपासून पुढचे ८ तास पाणी अगदी कमी, फार तर एखादा पेला. वरून पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखणं, उलट्या, गुंगी आणि वेळप्रसंगी झटके येतात. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी गोळी द्यायचीच नाही. नाकातला स्प्रे या त्रासासाठी वापरायचा नाही. इमिप्रामिन नावाची जुनी गोळी अजून कुठेकुठे लिहून देतात, ती चुकून जास्त पोटात गेली तर हृदयावर जिवावर बेतणारा परिणाम होतो, माझ्या मते ती पहिल्या दुसऱ्या नंबरला नकोच.

आता काही गोष्टींत थांबायचं नाही. मूल ६ महिने किंवा जास्त कोरडं राहून अचानक परत ओलं करायला लागलं तर त्याचं कारण शोधावं लागतं. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, लघवीला मुंग्या लागणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, लहान मुलांचा डायबेटीस असाच सुरू होतो, आणि सोबत उलट्या किंवा धापा टाकणं असेल तर क्लिनिक नको, सरळ हॉस्पिटल. लघवीला जळजळ, ताप, दिवसाही चड्डी ओली राहणं, धार बारीक किंवा सतत थेंब थेंब गळणं, चेहऱ्यावर सूज, कमरेच्या मणक्यावर खड्डा किंवा केसांचा पुंजका, पायात अशक्तपणा, हेही लगेच दाखवा. रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, अॅडेनॉइडचा, म्हणजे नाकाच्या मागे वाढलेल्या गाठीचा, इलाज झाल्यावर काही मुलांचं ओलं करणं थांबतं. घरात नवं बाळ, आईबाबांची भांडणं, शाळा बदलणं यानेही परत सुरू होतं. आणि हे लिहायला जड जातंय पण लिहायलाच हवं, मूल एकदम गप्प झालं असेल, ठराविक माणसाकडे किंवा जागी जायला घाबरत असेल, तर कोणी त्रास देतंय का हे मायेने, न रागावता विचारा, मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो.

तुमच्या मुलात यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, तो जन्मापासून कधीच कोरडा नव्हता आणि दिवसा ठीक आहे, म्हणजे साधाच प्रकार दिसतोय. या वयात साधी लघवीची तपासणी पुरते, सोनोग्राफीच्या मागे लागू नका.

राहिला मे महिन्याचा आजोळचा प्रश्न. तोपर्यंत सुटेलच असं वचन मी देणार नाही, तुम्हीही त्याला देऊ नका, पण म्हणून जाणं रद्द करू नका. तुमच्या आईला आधी फोनवर सांगून ठेवा, फक्त आईला. झोपायची जागा दाराजवळ किंवा भिंतीच्या कडेची, शेजारी तुम्ही. डायपर पँट उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवा आणि सगळे झोपल्यावर किंवा बाथरूममध्येच घाला, सकाळी इतरांच्या आधी काढा. गोळी न्यायची ठरली तर डॉक्टरांकडून लिहून घेऊन किमान दोन आठवडे आधी घरी देऊन बघा, प्रवासात पहिल्यांदा नको, आणि तिथे उन्हात दिवसभर खेळून संध्याकाळी पन्हं-सरबत पिणार, विहिरीवर पोहताना पाणी गिळणार, हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्या दिवशी रात्रीची गोळी धोक्याची ठरू शकते. मला विचाराल तर आजोळी गोळीपेक्षा डायपर पँट बरी. अलार्म तिकडे नेऊ नका, परत आल्यावर शाळा सुरू व्हायला दोन-तीन आठवडे असतानाच सुरू करा म्हणजे सुरुवातीच्या जागरणाला सकाळच्या शाळेची घाई नसेल. पाणी आणि शी-शूचं वेळापत्रक मात्र उद्यापासूनच, आणि लघवीची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.